टोटल लॉसमधून परत उभी केलेली स्पोर्ट्स कार घ्यायची असंल तर आधी हे तपासा

संभाजीनगरच्या लोकांनी 2010 मधे एकाच दिवशी 150 मर्सिडीज घेतल्या होत्या, तेव्हा भारी गाडीची हौस मराठवाड्याला काही नवी नाही. पण नव्या गाडीचे भाव ऐकून पोरं आता सेकंडहँडकडं वळलेत, आणि त्यात पण जी सगळ्यात स्वस्त दिसते ना, ऑडी टीटी, मस्टँग, ऑक्टाव्हिया आरएस, ती बऱ्याचदा टोटल लॉस होऊन परत बनवलेली असते. अशी गाडी घेऊच नका असं मी म्हणणार नाही. नीट बनवलेली असली तर मस्त चालते आणि पैसे लै वाचतात. फक्त नीट बनवलीय का नुसती चमकवलीय हे तुम्हालाच ओळखावं लागतं.

अमेरिकेत टोटल लॉस झालेल्या गाडीच्या मालकीच्या कागदावर सॅल्व्हेजचा शेरा येतो, मग दुरुस्त होऊन तपासणी झाली की तिथलं राज्य रीबिल्ट टायटल देतं, पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते कागदावरच दिसतं. आपल्या आरसीवर असलं काहीच नसतं. समृद्धीवर पलटी झालेली गाडी आणि पोर्चमधे उभी राहून राहून जुनी झालेली गाडी, दोन्हीची आरसी सारखीच.

आधी टोटल लॉस म्हणजे काय ते समजून घ्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांच्या वर गेला की इन्शुरन्सवाले गाडी टोटल लॉस धरतात, बास, एवढा साधा हिशोब. पाचव्या वर्षात आयडीव्ही निम्म्यावर आलेली असते पण पार्टचे भाव काही निम्मे होत नाहीत. समजा आयडीव्ही 20 लाख, तर 15 लाखांच्या वर एस्टिमेट गेलं की गाडी लिलावात. एअरबॅग फुटल्या, दोन हेडलाइट, बंपर, रेडिएटर, डॅशबोर्ड गेला की भारी गाडीचं वर्कशॉपचं बिल तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही आणि कधीकधी चेसिसला धक्का सुद्धा लागलेला नसतो. अशी गाडी घेण्यासारखी. पिलर (छत धरणारे खांब) कापून जोडलेली, चेसिस वाकलेली नाहीतर पाण्यात बुडालेली असली तर कितीही स्वस्त देऊ द्या, तिचा नाद सोडा.

म्हणून विकणाऱ्याकडं गेल्या गेल्या भाव विचारू नका, दुरुस्तीच्या आधीचे फोटो मागा. ज्यानं इमानदारीनं गाडी उभी केली त्याच्याकडं लिलावातले फोटो असतात, उघडलेली असतानाचे असतात, पार्टची बिलं असतात. एअरबॅगचं बिल तर हमखास मागा. मोबाईल हरवला, मागच्या मालकाकडं होते असं सुरू झालं की चहा घ्या आणि उठा.

मग कागद. परिवहनच्या सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून मालक कितवा, बोजा आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत होता ते बघा. मधेच आठ-दहा महिने इन्शुरन्सच नसंल तर तेवढे दिवस गाडी कुठंतरी पडून होती असं समजून चौकशी करा. चेसिस नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्ट्री निघते, मालकालाच सोबत घेऊन जा. जुन्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) एकदम शून्यावर आलेला दिसला तर आधीच्या वर्षी क्लेम झाला होता का ते विचारा. आणि अपघातात कुणी दगावलं असंल तर केस चालू आहे का ते नक्की काढा, कारण पोलीस स्टेशनमधून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे केस संपेपर्यंत सांभाळायच्या हमीवर, सोडवलेली गाडी कोर्टाच्या परवानगीशिवाय विकायची नाही अशी अट बहुतेक वेळा असते, ते लफडं नंतर तुमच्या गळ्यात पडतं.

इथं एक मोठा धोका आहे तो नीट वाचा. काही टोळ्या टोटल लॉस गाडी फक्त तिच्या कागदासाठी घेतात, मग तसलंच मॉडेल चोरायचं आणि त्याच्यावर भंगारातल्या गाडीचा चेसिस नंबर ठोकायचा. म्हणून चेसिस नंबर स्वतः टॉर्च मारून बघा. अक्षरं एका ओळीत, एका खोलीची पाहिजेत, आजूबाजूला घासलेलं, वेल्डिंग केलेलं, ताजा रंग मारलेला काही दिसायला नको. काचेखालचा नंबर, दाराच्या पिलरवरचं स्टिकर, आरसी आणि स्कॅनरमधे इंजिनच्या कॉम्प्युटरनी दाखवलेला नंबर, सगळे जुळले पाहिजेत. गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी एनसीआरबीच्या वाहन समन्वय पोर्टलवर गाडी चोरीची आहे का ते पण बघता येतं.

गाडी बघायला दिवसा जा, धुतलेली नको म्हणून आधीच सांगा. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळतं, ते घेऊन जा, कंपनीचा रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉन असतो, रिपेंट असंल तर 300 च्या आसपास जातो आणि हजाराच्या वर आकडा आला की आत लांबी (पुट्टी) भरलीय. बंपर प्लास्टिकचं, तिथं हे मीटर चालत नाही. दरवाजा, फेंडर रंगवलेला असला तर एवढं काही नाही, ते बोल्टवर असतात. छत, पिलर, दाराखालचा पट्टा इथं लांबी सापडली तर निघा तिथनं. बोनेट उघडून दोन्ही बाजूचे ॲप्रन, म्हणजे चाकांवरचे आतले पत्रे, एकमेकांशी ताडून बघा. कंपनीचे स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावर गोल गोल खळग्यांसारखे असतात, गॅरेजवाल्यानं जोडलं असंल तर सलग घासलेली वेल्डिंग नाहीतर बोटानं थापलेला सीलंट दिसतो. एक बाजू स्वच्छ आणि दुसरी अशी, म्हणजे मार कुठं बसला ते कळलं.

एअरबॅगवर सगळ्यात जास्त फसवणूक होते. चावी ऑन केली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर दिवाच काढलाय. पण दिवा बरोबर चालला म्हणून खुश होऊ नका, एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावून कॉम्प्युटरला गंडवतात, वरून डॅशबोर्ड शिवून नाहीतर चिकटवून देतात. स्टिअरिंगच्या कव्हरची फट, डॅशबोर्डचं टेक्स्चर, सीटबेल्टच्या टॅगवरची तारीख बघा. गाडीच्या आधी बनलेले बेल्ट चालतील, दोन-तीन वर्षं नंतरचे असतील तर बदललेत, मग बिल मागा. शंका असंल तर पैसे देऊन एअरबॅगचं कव्हर उघडून बघा. ह्या गाडीत उद्या तुमची बायकोपोरं बसणार आहेत.

पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. सीटखालचे स्क्रू गंजलेले, मॅटखाली गाळ, कुबट वास आणि वर जोरदार परफ्यूम, हे जमलं की समजून जा. चेन्नईला 2015 च्या डिसेंबरात पूर आला तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या, आपल्याकडं सप्टेंबर 2025 च्या पुरात काय झालं ते तर तुम्ही पाहिलंयच. अशी गाडी आज चालंल, वर्षभरानी वायरिंग एकेक करून सोडून देईल.

शेवटचा खर्च कॉम्प्युटर व्हील अलाइनमेंटचा, तो वाचवू नका. प्रिंट घ्या आणि डावी-उजवी बाजू जुळवून बघा. कँबर (चाकाचा आत-बाहेरचा कल), कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा पुढं-मागचा कल) दोन्हीकडं जवळपास सारखे पाहिजेत, बऱ्याच गाड्यांत पुढचा कँबर ॲडजस्ट होतच नाही, तेव्हा एकीकडचा लांब गेला असला तर सबफ्रेम (इंजिन-सस्पेन्शन धरणारा खालचा सांगाडा) नाहीतर स्ट्रट टॉवर (शॉकॉबसर वरून जिथं बसतो ती जागा) वाकलेलं असू शकतं. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना असल्यामुळं स्कोडा-ऑडी गटातल्या गाड्यांची नस माहीत असलेले मेकॅनिक संभाजीनगरात मिळतात, लातूर-नांदेडहून आलात तरी त्यांनाच दाखवा. पार्टचं पण विचारा, ऑक्टाव्हिया आरएस 245 भारतात 200 च आल्या, तिचं काही मोडलं तर काय करणार?

भाव ठरवताना त्याच मॉडेलची बिनअपघाती गाडी कितीला मिळते ते काढा, माझं मत विचाराल तर निदान पाव हिस्सा कमी पाहिजे, कारण विकताना तुम्हालाही तेवढंच तोडून द्यावं लागणार. इन्शुरन्सवाल्याला आधीच खरं सांगून फुल कव्हर देणार का, आयडीव्ही किती लावणार ते लेखी घ्या.

गाडी दिल्ली, हैदराबादची असंल तर तिकडची एनओसी लागते आणि टॅक्स इथं भरावा लागतो, इंपोर्टेड आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला आपल्याकडं दर जास्त आहे, म्हणून एमएच 20 असो का एमएच 24, आरटीओतून आकडा आधी काढून घ्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29, 30 वर नुसत्या कोऱ्या सह्या केलेल्या असतील तर गाडी घेऊ नका, आरसीवर नाव असलेला माणूस समोर पाहिजे. लोन होतं असं दिसलं तर बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी घ्या. बयाण्याच्या पावतीवर 'गाडी टोटल लॉसमधून दुरुस्त केलेली आहे' हे विकणाऱ्याच्या सहीनं लिहून घ्या, बाकीचे पैसे बँकेतूनच द्या, आणि गाडी घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत इन्शुरन्स स्वतःच्या नावावर करायला अर्ज टाका.