हृदयाभोवतीचे पाणी आणि दुर्बिणीची तपासणी : नातेवाइकांनी करावयाची तयारी

‘दुर्बीण घालायची आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले, की बहुतेकांना घशातून पोटात जाणारी नळी आठवते. पेरिकार्डिओस्कोपी ही तपासणी त्याहून निराळी आहे. हृदयाभोवतीच्या दुपदरी आवरणात एरवी १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. तो वाढल्यावर कारण शोधण्यासाठी छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली लहान छेद देऊन दुर्बीण आवरणात नेतात आणि जो भाग जाड किंवा गाठाळ दिसेल, नेमका तेथलाच तुकडा काढतात.

सुरुवात मात्र टू-डी इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनेच होते. रक्तदाब उतरलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या आणि धाप लागलेली असेल, तर दुर्बिणीचा विषय बाजूला ठेवून आधी सुईने पाणी काढावे लागते. नाशिकच्या अशा रुग्णाला कसारा घाट उतरवून मुंबईला नेण्याची घाई करू नका. पाणी नाशिकमध्येच काढता येईल का, हे प्रथम विचारा.

काढलेल्या पाण्यातून निदान झाले नाही, पाणी पुन्हा साठू लागले किंवा क्षय वा कर्करोगाची शंका उरली, तर दुर्बिणीचा उपयोग होतो. ही सोय मोजक्याच केंद्रांत असते. ती नसल्यास शल्यचिकित्सक छेद घेऊनही आवरणाचा तुकडा काढू शकतात, म्हणून तो पर्यायही विचारून घ्यावा.

जाताना इकोचे जुने अहवाल आणि चालू औषधांची यादी सोबत ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा उल्लेख आवर्जून करा, पण त्या स्वतःहून थांबवू नका. किती तास उपाशी राहायचे, हे भूलतज्ज्ञ सांगतील.

सर्वांत अधिक लक्ष नमुन्याच्या बाटल्यांकडे असावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तुकडा फॉर्मेलिन या नमुना टिकवणाऱ्या रसायनात ठेवतात. परंतु फॉर्मेलिनमध्ये जंतू मरत असल्याने क्षयाच्या कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्यासाठी, दुसरा तुकडा निर्जंतुक सलाइनमध्येच जावा लागतो. सगळाच नमुना एका बाटलीत गेला, तर एवढ्या खटाटोपानंतरही कल्चर करता येत नाही. त्यामुळे ‘कल्चरसाठी वेगळी बाटली ठेवणार ना?’ हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधीच विचारा आणि प्रत्येक बाटलीवर रुग्णाचे नाव व नमुन्याचा प्रकार लिहिला आहे, याची परिचारिकेकडून खात्री करून घ्या. कल्चरचा अंतिम अहवाल यायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. तो कोठून आणि कधी घ्यायचा, हे घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावरच लिहून घ्या.