सफरचंदाचे कॉन्फी : मंद आचेवर फळ मुरवण्याची रीत

‘कॉन्फी’ हा शब्द ‘कॉन्फीर’ या फ्रेंच क्रियापदावरून आला असून टिकवण्यासाठी मुरवणे असा त्याचा मूळ अर्थ आहे. बदकाचे मांस त्याच्याच चरबीत आणि फळे साखरेच्या पाकात मंद आचेवर तासन्‌तास ठेवण्याची ही रीत साठवणुकीच्या गरजेतून निघाली. फ्रीज आल्यावर ती गरज राहिली नाही, तरी रीत टिकली, कारण तिच्यामुळे पदार्थाला येणारा पोत घाईने शिजवून मिळत नाही. सफरचंदाच्या बाबतीत हे विशेष जाणवते. मोठ्या आचेवर शिजवलेल्या सफरचंदाचा लगदा होतो. तेच पातळ कापांच्या रूपात, कॅरमल आणि लोणी यांच्या संगतीत चार तास मंद ओव्हनमध्ये ठेवले आणि नंतर रात्रभर दाबून थंड केले, तर सुरीने वडी कापावी तसे कापता येते, कापलेल्या कडेला एकेक थर मोजता येतो आणि तोंडात मात्र ते विरघळते. काम जवळजवळ सगळे वेळच करतो. आपल्याला फक्त सुरुवात नीट करून द्यायची असते.

पहिला प्रश्न सफरचंदाच्या जातीचा. ग्रॅनी स्मिथ, ब्रेबर्न, पिंक लेडी आणि गोल्डन डिलिशस या जाती शिजल्यावरही आकार धरून ठेवतात, तर मॅकिंटॉश आणि ब्रॅम्ली लवकर विरघळतात, म्हणून चटणीसाठी किंवा सॉससाठी त्या उत्तम असल्या तरी येथे उपयोगाच्या नाहीत. रेड डिलिशस दिसायला देखणे असले तरी शिजवल्यावर पिठूळ लागते. मला स्वतःला दोन भाग ग्रॅनी स्मिथ आणि एक भाग गोल्डन डिलिशस हे मिश्रण सर्वांत आवडते, कारण निव्वळ आंबट फळाचे कॉन्फी कॅरमलच्या कडसरपणाबरोबर जरा तीक्ष्ण होते आणि निव्वळ गोड फळाचे बेचव. जात कोणतीही असो, फळ घट्ट आणि ताजे असावे. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलके वाटणारे किंवा अंगठ्याने दाबल्यावर दबणारे सफरचंद बाजूला ठेवावे.

साधारण २३ सेंटिमीटर लांब, १३ सेंटिमीटर रुंद आणि ७ सेंटिमीटर उंच अशा ब्रेडच्या टिनसाठी दीड किलो सफरचंदे, कॅरमलसाठी १५० ग्रॅम साखर, थरांमध्ये भुरभुरवण्यासाठी आणखी ६० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ लागते. लोणी वितळवून ठेवावे. टिनच्या तळाला आणि लांबीच्या दोन्ही बाजूंना बटर पेपर असा लावावा की त्याची टोके काठाबाहेर चार बोटे लोंबत राहतील. नंतर त्यांचाच उपयोग वरून झाकण्यासाठी होतो.

कॅरमल आधी करावे, कारण कापलेली सफरचंदे थांबत नाहीत. जाड बुडाच्या लहान पातेल्यात १५० ग्रॅम साखर आणि तीन मोठे चमचे पाणी घालून साखर सगळीकडे ओली होईल एवढेच हलवावे आणि मध्यम आचेवर ठेवावे. एकदा उकळी आली की चमचा घालू नये. कडेला चिकटलेला साखरेचा एखादा कण पाकात पडला तरी सगळा पाक पुन्हा दाणेदार होऊ शकतो, म्हणून ओल्या ब्रशने कडा पुसत राहाव्यात. लिंबाच्या रसाचे चार थेंब घातले तर हा धोका बराच कमी होतो, कारण आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विभागला जातो आणि स्फटिक जमणे अवघड होते. बराच वेळ काहीच घडत नाही असे वाटते. मग बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, एका कडेला गवती पिवळा रंग दिसतो आणि त्यानंतरचा सगळा प्रवास मिनिटभरात उरकतो. पातेले हलकेच गोल फिरवून रंग सारखा करावा आणि तो मधासारखा गडद झाल्यावर, म्हणजे साधारण १७० ते १७५ अंश सेल्सियसला, पातेले उतरवून कॅरमल लगेच टिनच्या तळाशी ओतावे. आणखी काळे होऊ देण्याचा मोह टाळावा, कारण पुढचे चार तास हेच कॅरमल फळाच्या रसात उतरणार आहे आणि त्याचा कडवटपणा शेवटच्या थरापर्यंत जातो. कॅरमल उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असते आणि त्वचेला चिकटते, म्हणून ओतताना घाई करू नये. तळाशी ते काचेसारखे कडक होईल. त्याची चिंता नको, फळाचा रस ते पुन्हा विरघळवतो.

आता सफरचंदे सोलून, चार भाग करून, गाभा काढून त्यांचे दोन ते तीन मिलिमीटर जाडीचे काप करावेत. हे काम सुरीनेही होते, पण स्लायसर असल्यास तोच वापरावा. जाडी सारखी असणे ही येथे केवळ देखणेपणाची बाब नाही, कारण जाड काप कच्चा राहतो आणि त्याच्या शेजारचा पातळ काप तोवर विरलेला असतो. कापांना लिंबाचा रस लगेच चोळावा म्हणजे ते काळे पडत नाहीत. पहिला थर नीट लावावा, कारण उलथल्यावर तोच वर येतो. काप एकमेकांवर थोडे चढवत, कौले शाकारावीत तसे, कोपऱ्यापर्यंत पसरावेत. पुढच्या थरांना एवढी शिस्त नको, पण मध्ये पोकळी राहू देऊ नये. दर दोन थरांनंतर थोडे लोणी आणि चमचाभर साखर घालावी, मीठ मधल्या एखाद्या थरावर पुरते. टिन काठोकाठ भरल्यावर हाताच्या तळव्याने दाबावे आणि उरलेले काप झाकून फ्रीजमध्ये ठेवावेत.

ते काप उरवण्यामागे कारण आहे. सफरचंदाच्या आकारमानाचा जवळपास पाचवा भाग हवेचा असतो, म्हणूनच ते पाण्यावर तरंगते. आच लागली की ही हवा निघून जाते, तिच्या जागी रस आणि पाक शिरतो, पांढरट काप काचेसारखा पारदर्शक होतो आणि सगळा ढीग खाली बसतो. बटर पेपर वर दुमडून, त्यावर फॉइल घट्ट बसवून टिन १४० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवावे आणि तासाभराने उघडावे. रुंद उलथन्याने दाबल्यावर दोन बोटे जागा मोकळी झालेली असेल. त्यात उरलेले काप भरून, उरलेले लोणी घालून टिन पुन्हा झाकावे.

टिनखाली काठ असलेला ट्रे ठेवणे मी कधीही टाळत नाही. पहिल्यांदा मी तो ठेवला नव्हता. दुसऱ्या तासाला रस काठावरून उतू गेला, ओव्हनच्या तळावर जळला आणि चार तास जपलेल्या कॉन्फीला धुराचा वास लागला तो लागलाच. ओव्हन घासण्यात गेलेली संध्याकाळ वेगळी.

एकूण वेळ चार तासांचा धरावा आणि शेवटची पाऊण तास फॉइल काढून टाकावी, म्हणजे जादा पाणी उडून जाते. घरगुती ओव्हनचा आकडा दहा-वीस अंशांनी चुकू शकतो, म्हणून घड्याळापेक्षा खुणांवर विसंबावे. कडेचा रस सावकाश, अधूनमधून एखादा बुडबुडा सोडत असावा. तो खळखळत असेल तर आच दहा अंशांनी कमी करावी. पातळ सुरीचे टोक मध्यभागी तळापर्यंत घातले असता कोठेही अडू नये आणि वरचा रंग फिकट तपकिरी झालेला असावा. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात, खाली तवा ठेवून, घट्ट झाकणाखाली अगदी बारीक आचेवर हे करता येते. थर तेवढे रेखीव येत नाहीत, चव मात्र जवळ पोहोचते.

बाहेर काढल्यावर अर्धा तास निवू द्यावे आणि मग दाबावे. टिनच्या आत बसेल एवढा जाड पुठ्ठा कापून, फॉइलमध्ये गुंडाळून वर ठेवावा आणि त्यावर किलोभर वजन द्यावे. वर आलेला रस एका वाटीत काढून जपून ठेवावा. वजनासकट टिन किमान आठ तास फ्रीजमध्ये असावे. सफरचंदात पेक्टिन भरपूर असते. साखर, आम्ल आणि थंडावा मिळाल्यावर ते रसाला धरून ठेवते आणि थर एकमेकांना बिलगतात. जिलेटिनची गरज म्हणूनच पडत नाही. दाब न देता थंड केलेले कॉन्फी चवीला वाईट नसते, पण कापताना ते घसरते आणि ताटलीत त्याचा ढीग होतो.

उलथण्यापूर्वी टिनचा तळ मिनिटभर गरम पाण्यात धरावा, कागद न लावलेल्या दोन बाजूंनी सुरी फिरवावी आणि ताटली पालथी ठेवून एका झटक्यात उलटावे. जपलेला रस लहान पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवून वरून ओतला की पृष्ठभागाला तकाकी येते. येथे साखर फळाच्या मानाने थोडीच असल्यामुळे हा पदार्थ जॅमप्रमाणे फळीवर टिकत नाही. झाकून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस तो चांगला राहतो आणि माझ्या मते दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. वाढण्यापूर्वी वीस मिनिटे बाहेर ठेवावा, कारण अति थंड असताना लोणी जिभेवर घट्ट लागते. कापताना धारदार सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावी, खालपर्यंत एकाच दाबाने न्यावी आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसावी. करवतीसारखी पुढे-मागे चालवली तर थर ओढले जातात.