विशेष शाळेत नर्स म्हणून जाताय? या चुका टाळा

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात पडली, की बऱ्याच मुली विशेष शाळेची नोकरी धरतात, कारण नाइट ड्युटी नाही. ते खरंच आहे. पण वॉर्डात डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो. इथे हाक मारली तर येणार तुम्हीच.

सगळ्यात डोक्यात जाते ती फिटच्या वेळची घाई. एका शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलाला फिट आली. मावशी कांदा घेऊन धावल्या, सरांनी हातपाय दाबून धरले, आणि नव्या सिस्टरनी, चांगला वॉर्डचा अनुभव असलेल्या, दातांत स्टीलचा चमचा घातला. दात तुटला. तुकडा श्वासनलिकेत गेला नाही, हे नशीब. डॉक्टरांनी फोनवर पहिलंच विचारलं, "किती वेळ चालली?" कुणी म्हणे दोन मिनिटं, कुणी म्हणे दहा.

तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. जीभ गिळली जात नाही. बाक सरकवा, डोक्याखाली ओढणी ठेवा, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर त्या मुलाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडॅझोलमचा, म्हणजे फिट थांबवायच्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे, आणि लगेच १०८. हा स्प्रे ऑफिसच्या कपाटात, किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क बँकेत, हेही पाहिलंय. माझा स्प्रे कमरेच्या पाऊचमध्ये असतो आणि मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ. मुलं हसतात, हसू देत.

दुसरी चूक जास्त सोज्वळ दिसते. बोलता न येणारं मूल अचानक डोकं आपटायला लागलं, चावायला लागलं, की "त्याचं ऑटिझममुळे तसंच असतं" म्हणून मोकळं व्हायचं. आधी कान बघा, दाढ बघा, पोट दाबून बघा. बद्धकोष्ठतेने हैराण झालेल्या मुलाला 'हट्टी' म्हणून कोपऱ्यात बसवलेलं मी पाहिलंय. शी कधी झाली, हे आईला विचारायला लाज वाटत असेल तर हे काम तुमचं नाही. जूनमध्ये प्रत्येक पालकाला मी एकच प्रश्न विचारते: दुखलं की हा काय करतो? ते उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर, निदानाच्याही वर.

बाकीच्या चुका पटापट. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या) मुलाला मान मागे टाकून भरवू नका. ठसका लागला नाही म्हणजे घास नीट उतरला, असंही नाही. सीआर लिहिलेली, म्हणजे पोटात हळूहळू विरघळणारी, गोळी कुटून देऊ नका. फेनिटॉइनचं, म्हणजे फिटचं, पातळ औषध बाटली हलवल्याशिवाय ओतू नका, आणि ओतायचं तेही सिरिंजने, घरच्या चमच्याने नाही. स्पायना बिफिडाच्या (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेल्या) मुलाला लेटेक्सचे, म्हणजे रबराचे, हातमोजे घालून हात लावू नका. योगदिनाच्या उत्साहात डाउन सिंड्रोमच्या मुलाला कोलांटउडी मारायला लावणाऱ्यांना, मानेबद्दल डॉक्टरांचं लेखी मत येईपर्यंत, सरळ नाही म्हणा. मुख्याध्यापक रागावले तरी.

"आधी कुठला कोर्स करू?" असं मला सारखं विचारतात. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट वगैरेंसाठी असते. तुमच्यासाठी नर्सिंग कौन्सिलचीच. कोर्स शोधण्यापेक्षा एखाद्या शाळेत परवानगी काढून आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत बसा. कोण कसं गिळतं, कोणाला कोण भरवतं, एवढंच बघा. मोबाइल बॅगेत ठेवून.