आकडे नसलेले भौतिकशास्त्राचे प्रश्न कसे सोडवावेत

‘सूत्रं पक्की करा, संकल्पनेचे प्रश्न आपोआप सुटतील’ हा सल्ला विसरा. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे झोपेतही म्हणू शकणारी मुलं वर उडवलेल्या नाण्यावर वरच्या दिशेने बलाचा बाण काढतात. अडचण पाठांतराची नसते. खाली बल आणि गतीचीच उदाहरणं घेतली आहेत, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

आधी पर्याय हाताने झाका. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ या चाचणीत चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या गैरसमजांवरूनच तयार केले होते. चांगला पेपर काढणारा आजही तेच करतो. पर्याय आधी वाचले, तर मनातला गैरसमजच छापील रूपात समोर येतो आणि खरा वाटू लागतो.

‘स्थिर वेगाने’, ‘हातातून सुटल्यानंतर’, ‘त्या क्षणी’ असे शब्द अधोरेखित करा. एकच वस्तू निवडून तिच्याभोवती गोल काढा.

आता त्या वस्तूवरची बलं. इथे घाई करू नका, नव्वद टक्के लक्ष इथेच द्या. प्रत्येक बाणाशेजारी ‘कोणी, कोणावर’ हे लिहायचंच: ‘पृथ्वीने नाण्यावर’, ‘टेबलाने पुस्तकावर’. बल देणाऱ्याचं नाव लिहिता आलं नाही, तर बाण खोडा. गुरुत्वीय, विद्युत आणि चुंबकीय बलं दुरून लागतात. बाकीच्यांसाठी वस्तूला काय काय टेकलंय ते गोलावरून बोट फिरवत पाहा. हातातून सुटलेल्या नाण्याला हवेशिवाय काहीच टेकलेलं नाही. हवा सोडून दिली, तर उरतं फक्त पृथ्वीचं ओढणं. ‘हाताने दिलेलं बल’ नाण्यात साठून राहत नाही. राहतो तो वेग. सर्वांत उंच बिंदूवर वेग शून्य होतो, पण त्वरण तिथेही खालच्या दिशेने ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकंच असतं. ते तिथे शून्य असतं, तर नाणं वरच लटकून राहिलं असतं.

घर्षणाबद्दल एक वाईट वाक्य वर्गावर्गांतून फिरतं: ‘घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असतं.’ वहीत असेल तर खोडून टाका. घर्षण दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला विरोध करतं. ट्रक वेग घेतो तेव्हा हौद्यातली पेटी मागे घसरू पाहते, म्हणून हौद्याने पेटीवर लावलेलं घर्षण पुढच्या दिशेला असतं. त्याच्याचमुळे पेटी ट्रकबरोबर पुढे जाते.

दुसरा सापळा क्रिया-प्रतिक्रियेचा. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाने दिलेला आधार ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नाही, कारण दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. जोडीत नावांची अदलाबदल होते: ‘पृथ्वीने पुस्तकावर’ याची जोडी ‘पुस्तकाने पृथ्वीवर’. १०,००० किलोचा ट्रक १,००० किलोच्या कारला धडकला, तरी दोघांवरचं बल सारखंच असतं. कारचं नुकसान जास्त दिसतं म्हणून तिच्यावर बलही जास्त, असं मुलं ठरवून टाकतात. प्रत्यक्षात कारचं त्वरण दहापट असतं, कारण तिचं वस्तुमान एक दशांश आहे.

बाण झाले की त्वरणाची दिशा ठरवा, आणि ती गतीच्या दिशेवरून ठरवू नका. लागोपाठच्या दोन क्षणांचे वेग काढून त्यांतला फरक पाहा. ५०० किलोची लिफ्ट स्थिर वेगाने वर जात असेल तर दोराचा ताण वजनाइतकाच, ४,९०० न्यूटन. वर जाताना १ मीटर प्रति सेकंद वर्गाने वेग वाढत असेल तर ५,४००, तितक्याच दराने कमी होत असेल तर ४,४००. तिन्ही वेळा लिफ्ट वरच चालली आहे. ‘वर जातेय म्हणजे ताण जास्त’ म्हणणारा तीनपैकी दोनदा चुकतो.

पडताळा टोकाच्या स्थितीत घ्या. कप्पीवरून गेलेल्या हलक्या दोरीच्या दोन टोकांना ३ आणि २ किलोची वजनं आहेत; सोडल्यावर ताण किती? दोन्ही वजनं सारखी असती, तर ताण एका वजनाइतका. एक जवळजवळ शून्य असतं, तर ताणही जवळजवळ शून्य. म्हणजे ‘दोन्ही वजनांची बेरीज’ हे उत्तर बाद. खरा ताण २ किलोच्या वजनापेक्षा जास्त आणि ३ किलोच्या वजनापेक्षा कमी असतो.

उत्तर ‘कारण’ या शब्दासह एका वाक्यात लिहा, मगच पर्यायांवरचा हात काढा. तुमचं उत्तर त्यांत नसेल, तर जवळचा पर्याय निवडू नका. गोलाकडे परत जा. बहुतेक वेळा जोडीतली दोन्ही बलं एकाच वस्तूवर काढलेली सापडतात.