फोमचं जेट उडवायला शिकताना

रेडिओ रिमोटवर उडणारं छोटं मॉडेल जेट डोक्यावरून सुसाटत गेलं की माणूस त्याच संध्याकाळी ऑनलाइन किमती बघायला लागतो. घाई करू नका. जेट घेऊन शिकायचं नसतं, शिकून झाल्यावर जेट घ्यायचं असतं.

याला कारण आहे. साध्या विमानाचा प्रोपेलर पंखांवर आणि शेपटीवर वारा फेकत असतो, त्यामुळे वेग पडला तरी थ्रॉटल (मोटरची ताकद वाढवणारी स्टिक) देताच विमान सावरतं. जेटमध्ये पंखा पोटातल्या नळीत असतो. त्याचा झोत मागून निघून जातो, पंखांना त्यातलं काही मिळत नाही. शिवाय पंख्याला पूर्ण फिरतीवर यायला क्षणभर लागतो. म्हणजे तुम्ही आज मागितलेली ताकद उद्या मिळते, असं समजा. केरोसीनवर चालणाऱ्या खऱ्या टर्बाईनला तर काही सेकंद लागतात, आणि तिचा खर्च लाखांत जातो. म्हणून इथे फक्त बॅटरीवरच्या फोम जेटबद्दल, म्हणजे ईडीएफबद्दल (इलेक्ट्रिक डक्टेड फॅन, नळीतला विजेचा पंखा) बोलू.

सुरुवात सिम्युलेटरपासून करा. तुमचाच ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, संगणकाला जोडता आला तर उत्तम. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिक्याचं विमान बहुतेक तिथेच पडतं. एक युक्ती लक्षात ठेवा: जो पंख खाली गेलाय, स्टिक त्याच बाजूला ढकला. हे विचार न करता व्हायला लागलं की मैदानावर जा.

तिथे आधी पंख वर असलेला फोमचा ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, मग पंख खाली असलेलं चपळ विमान. जमल्यास बडी बॉक्स (दोन रिमोट जोडून गुरूला ताबा घेता येईल अशी सोय) लावून जाणत्याच्या हाताखाली उडवा. ठरवलेल्या जागी सलग दहा वेळा नीट उतरवता आलं की जेटचा विचार करा.

पहिलं जेट ६४ किंवा ७० मिमी पंख्याचं, सरळसोट पंखांचं घ्या. लढाऊ विमानाच्या प्रतिकृती दिसायला झकास, पण दूर गेल्या की पोट कुठलं आणि पाठ कुठली ते कळत नाही. पोटाला भडक पट्टे चिकटवा.

उडवण्याआधी सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, तपासा. पुस्तिकेत दिलेल्या खुणेवर बोटं टेकवून विमान तोला. नाक किंचित जड चालेल, शेपूट जड अजिबात नको. रेट (स्टिकनुसार पंखांवरच्या फळ्या किती हलतात ते) कमी ठेवा, एक्स्पो (मधल्या भागात स्टिक मवाळ करणारी सेटिंग) ३० टक्क्यांच्या आसपास. फेलसेफला, म्हणजे सिग्नल तुटल्यावर, थ्रॉटल शून्य. चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग विमान. बंद करताना उलट.

टायमर अडीच मिनिटांचा लावा. हिशोब सोपा आहे: २२०० एमएएचची बॅटरी ४० अँपिअरने ओढली तर सव्वातीन मिनिटांत रिकामी होते, आणि लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी तळापर्यंत वापरायची नसते. वीसेक टक्के शिल्लक ठेवूनच उतरायचं.

छोट्या चाकांच्या जेटला गवत सोसत नाही, डांबरी किंवा सिमेंटचा पट्टा हवा. वाऱ्याच्या तोंडावर उभं करा, थ्रॉटल हळूहळू पूर्ण द्या, रडरने (शेपटीच्या उभ्या फळीने) सरळ धरा. वेग येऊ द्या. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी फळी) झटक्यात ओढलात तर जेट उठेल आणि लगेच एका पंखावर कलंडेल.

उंची मिळाल्यावर मौजमजा नंतर. आधी तिथेच थ्रॉटल कमी करत करत बघा की हे विमान किती हळू उडतं आणि कुठे कोसळू लागतं. ही ओळख जमिनीजवळ करून घ्यायची नसते.

आता उतरणं. इथे सवय मोडावी लागते: ट्रेनर थ्रॉटल बंद करून तरंगत येतो, जेट दगडासारखं येतं. पट्ट्यावर येईपर्यंत थ्रॉटल चालू हवा. नाकाने वेग सांभाळा, थ्रॉटलने उंची. शेवटचं वळण मोठं आणि उथळ घ्या. उंची न सोडता ६० अंश कललात तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली विमान कोसळू लागतं तो, सुमारे १.४ पट होतो. अंदाज चुकतोय असं वाटलं तर आधी थ्रॉटल, नाक सपाट, वेग आला की मगच चढा.

माझं पहिलं जेट अशाच आखडत्या वळणात शेजारच्या उसात गेलं. बारा महिन्यांच्या उसात पांढरं विमान शोधणं काय असतं ते विचारू नका. तेव्हापासून सोबत कुणीतरी असतो, विमान पडलं तर त्या दिशेकडे बोट धरून हलायचंच नाही एवढंच त्याचं काम.

जागा निवडताना डिजिटल स्काय हा ड्रोन-मॉडेल उडवण्याच्या जागांचा सरकारी ऑनलाइन नकाशा उघडा. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही; विमानतळाच्या आसपास मात्र पिवळे-लाल पट्टे असतात. घरी आल्यावर बॅटऱ्या दर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, आणि चार्ज करताना जवळ बसा.