बेटावरची वीज: आधी लोड मोजा, मग पॅनेल घ्या

बेटासाठी सौरऊर्जेचा विचार सुरू झाला की पहिल्यांदा पॅनेलचं कोटेशन मागवलं जातं. तिथेच गणित चुकतं. आधी घरं, दुकानं, पंप यांवर आठवडाभर मीटर लावा आणि दोन आकडे वेगळे लिहा: दिवसाची युनिट आणि एका वेळचा सर्वाधिक किलोवॉट. बॅटरी युनिटवर ठरते, इन्व्हर्टर किलोवॉटवर. संध्याकाळी सातला गिझर, इस्त्री, पंप एकदम लागले की बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टर ट्रिप होतो.

स्कॉटलंडच्या एग बेटानं 2008 पासून हा प्रश्न मर्यादा घालून सोडवलाय: घराला 5 किलोवॉट, व्यवसायाला 10. घर लहान असो की मोठं, आकडा तोच. ही मर्यादा गावानं एकत्र बसून आधीच ठरवावी. मीटर बसल्यावर ठरवायला गेलात तर भांडणं होतात.

आता कोकणातल्या 40 घरांच्या बेटाचा हिशेब. गरज रोज 300 युनिट धरा. एक किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीनं रोज 4 युनिट देतं. वायर-बॅटरीतली घट धरून 90 किलोवॉट लागतील. पण जुलैत तेच पॅनेल 2 युनिटवर येतं आणि जेमतेम निम्मी गरज भागते. तेव्हा नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो, म्हणून पवनचक्कीची जागा वर्षभर वारा मोजून ठरवा. एगवरही असाच मेळ आहे: पावसात ओढ्यांवरची जलविद्युत, कोरड्या उन्हाळ्यात सौर.

रात्रीची गरज 180 युनिट असेल, तर लिथियम बॅटरी 80 टक्केच वापरायची म्हणून 225 किलोवॉट-तासांची, म्हणजे 225 युनिटची घ्या. सलग ढगाळ दिवसांसाठी बॅटरी वाढवत नेणं परवडत नाही. तिथे डिझेल जनरेटरच हवा. तो 30 टक्क्यांखालच्या लोडवर तासन्‌तास चालवला तर न जळलेलं डिझेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते. थोडा वेळ, पण भरल्या लोडवर चालवून बॅटरी भरून घ्या.

बॅटरी भरली की तिला जोडलेला मुख्य इन्व्हर्टर विजेची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्‌झच्या थोडी वर नेतो आणि पॅनेलना जोडलेले सौर इन्व्हर्टर उत्पादन आवरतात. त्याच इशाऱ्यावर रिलेनं (आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचनं) उरलेल्या विजेवर पाण्याची टाकी भरा किंवा बर्फाचं मशीन चालवा.

खाऱ्या हवेत पॅनेलच्या आधी जोडण्या जातात. तांब्याच्या लगवर (वायरच्या टोकाला बसवलेल्या जोडणीच्या तुकड्यावर) हिरवट थर दिसला, की आत रोध वाढून जोड तापू लागलाय असं समजा. कथिलाचा मुलामा दिलेले लग आणि 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरा. ॲल्युमिनियमला स्टील भिडतं तिथे नायलॉनचा वॉशर घाला.