इच्छांचे तीन रकाने: एपिक्युरसचा सराव, पावसाळ्यात

१ जूनपासून गोव्यात यांत्रिक मासेमारी ६१ दिवस बंद राहते आणि मासळीचा भाव चढतो. एपिक्युरसच्या पद्धतीने इच्छा निवडायला शिकायचं, तर हेच दिवस चांगले. इ. स. पू. ३०६ च्या सुमारास अथेन्समध्ये बागेत शाळा काढणाऱ्या या तत्त्वज्ञाला लोक चैनीचा गुरू समजतात. तो तसा नव्हताच. देहाला वेदना नको आणि मनाला घोर नको, एवढंच त्याचं सुख.

वहीच्या पानावर तीन रकाने पाडा: नैसर्गिक आणि गरजेच्या, नैसर्गिक पण गरजेच्या नसलेल्या, पोकळ. आठवडाभर मनात येईल ती इच्छा त्याच दिवशी लिहा आणि तिला एपिक्युरसचाच प्रश्न विचारा: ही पुरी झाली तर माझं काय होईल, नाही झाली तर काय?

घोळ होतो तो दोन इच्छा एकात लिहिल्याने. ‘आज इसवणाची (सुरमईची) तुकडी हवीच’ यात भूक पहिल्या रकान्यातली, तुकडी दुसऱ्या. खात्री करायची तर सकाळी न्याहारी टाळा (मधुमेह असेल किंवा गोळ्या चालू असतील तर नको) आणि दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची गरम पेज घ्या, सोबत पुरुमेंतातल्या (पावसाळ्यासाठी साठवलेल्या) सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर, खोबरं घातलेली कोशिंबीर. पहिले चार घोट सावकाश. भुकेल्याला जवाची भाकरी आणि पाणीही परमसुख देतं, असं एपिक्युरस म्हणे. भुकेची कळ गेली की सुख वाढत नाही, फक्त त्याची चव बदलते. तुकडी तेवढंच करते.

तिसऱ्या रकान्यात घाई करू नका. चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे फळाफुलांची चौकट, बांधायची इच्छा तिथली नव्हे. ती शेजारच्यापेक्षा भरगच्च दिसावी, ही मात्र तिथलीच. तिला शेवट नाही, पुढच्या वर्षी ती आणखी मोठी होऊन येते.

दुसरी चूक म्हणजे मधला रकाना खोडून टाकणं. एपिक्युरसनेच मित्राकडे चीजचं लहानसं भांडं मागितलं होतं, मनात येईल तेव्हा मेजवानी करायला. काटकसरीलाही मर्यादा आहे, असं तो मानत असे. इसवण मिळालं तर आवडीने खा. मिळालं नाही म्हणून दिवसभर चिडचिड झाली, तर ती इच्छा मधून सरकून तिसऱ्या रकान्यात गेली आहे, खूण करा.

काय खायचं त्याआधी कोणाबरोबर खायचं ते बघा, हेही त्याचंच सांगणं. शेजाऱ्याला बोलवायचं असेल तर पेजेत एक मूठ तांदूळ जास्त घाला.